पडद्यामागचं बोट

गणपती विसर्जनाच्या दिवशी नागोठण्याच्या बाजारपेठेतून मिरवणूक निघते, तेव्हा ढोल-ताशाच्या गदारोळावर एक सूर तरंगत असतो. तो बेंजोचा. वादक डाव्या हाताने टिकल्या दाबतो आणि उजव्या हातातल्या नखीने तारा छेडतो. समोर नाचणाऱ्या पोरांना त्या टिकल्यांशी काही देणंघेणं नसतं. पण गिटार शिकायची असेल तर घटकाभर नाच थांबवून त्या डाव्या हाताकडे बघावं.

आपण ज्याला बेंजो म्हणतो तो अमेरिकेतला बँजो नव्हे. तो बुलबुल तरंग. त्याचा मूळ जन्म जपानमधल्या नागोया शहरातला. १९१२ साली मोरिता गोरो यांनी ‘तैशोगोतो’ नावाचं वाद्य बनवलं आणि तेच फिरत फिरत हिंदुस्थानात येऊन बेंजो पार्टीचं झालं. त्याची युक्ती साधी आहे. टिकली दाबली की तार एका ठरलेल्या जागी अडते, तिची कंप पावणारी लांबी कमी होते आणि सूर चढतो. टिकलीची जागा कारागिराने एकदाच ठरवून दिलेली असते, त्यामुळे वादकाने ती जोरात दाबली काय किंवा हळू दाबली काय, सूर जागचा हलत नाही.

गिटारला टिकल्या नसतात. तिथे तुमचं बोट हीच टिकली. नवशिक्याला छळणाऱ्या सगळ्या गोष्टी या एका फरकातून निघतात. तार खरखरते, शेजारची तार मुकी होते, बोटं दुखतात, कॉर्ड बदलताना गाणं अडखळतं. टिकली जागा चुकत नाही, बोट चुकतं. आणि चुकलेल्या जागेची भरपाई आपण जोराने करायला जातो.

मी चाळिशी ओलांडल्यावर गिटार हातात घेतली. पहिले तीन आठवडे मी हापूसची पेटी खिळ्यांनी ठोकावी तशा तारा दाबत होतो. नखं पांढरी पडायची, कोपरापर्यंत हात आखडायचा आणि तरीही सहापैकी दोन तारा ‘झर्रर्र’ करायच्या. दोष मी वाद्याला दिला, मग वयाला दिला, मग बोटांच्या जाडीला दिला. दोष बोट ठेवण्याच्या जागेत होता.

गोव्याची वाट, मुंबईची वाट

नागोठणं मुंबई–गोवा महामार्गावर आहे, आणि आपल्याकडे गिटार रुजली ती याच वाटेच्या दोन टोकांना. गोव्यात पोर्तुगीज काळात चर्चच्या शाळांमधून मुलांना स्वरलिपी वाचायला आणि वाद्यं वाजवायला शिकवत. मांडो ही गोव्याची गाणी गाताना घुमट या तालवाद्याच्या साथीला व्हायोलिन आणि गिटार आली. त्या शाळांमधून तयार झालेले वादक पोटापाण्यासाठी मुंबईला गेले. माजोर्ड्याचे अँथनी गोन्साल्विस, संगीत संयोजक सेबॅस्टियन डिसोझा अशा माणसांनी हिंदी चित्रपटसंगीताच्या वाद्यवृंदाला आकार दिला. एकाच सुरावटीच्या मागे तीन-चार सूर एकत्र वाजवून तिला आधार द्यायचा, ही कॉर्डची पाश्चात्त्य रीत आपल्या कानांना सवयीची झाली ती या लोकांमुळे.

हिंदुस्थानी संगीतात गिटार दुसऱ्या वाटेनेही शिरली. ब्रिजभूषण काब्रा यांनी ती मांडीवर आडवी घेऊन राग वाजवले. शिवकुमार शर्मा आणि हरिप्रसाद चौरसिया यांच्याबरोबरची त्यांची ‘कॉल ऑफ द व्हॅली’ ही ध्वनिमुद्रिका १९६७ची. पुढे विश्वमोहन भट्ट यांच्या मोहनवीणेच्या, म्हणजे अशाच आडव्या गिटारीच्या, ध्वनिमुद्रिकेला १९९४ मध्ये ग्रॅमी मिळालं. या आडव्या वादनात बोटं पडद्यांवर तार दाबतच नाहीत. तारेवरून लोखंडी दांडा सरकतो, कारण रागाला मींड हवी असते, एका सुरावरून दुसऱ्यावर घसरत जाणं हवं असतं. कॉर्डला उलट हवं असतं. सूर जागच्या जागी उभे राहायला हवेत, तेही सगळे एका क्षणी. म्हणून उभ्या गिटारीला बोटांची शिस्त लागते. जुने लोक हिला ‘स्पॅनिश गिटार’ म्हणत, आणि या लेखात पुढे जे आहे ते तिच्याबद्दल.

कॉर्ड म्हणजे सा-ग-प

ज्याने भजनात पेटी ऐकली आहे त्याला कॉर्ड समजायला पाच मिनिटं पुरतात. पेटीवर पांढरी एक हा सा धरा. आता सा, ग आणि प या तीन पट्ट्या एकदम दाबा. जे वाजलं ती ‘सी’ कॉर्ड, तिला सी मेजर असंही म्हणतात. ग कोमल केलात तर तीच सी मायनर होते आणि चेहरा उतरल्यासारखी वाजते. गिटारवरच्या साध्या कॉर्ड्स अशा तीन सुरांच्याच असतात. तारा सहा असल्यामुळे तेच तीन सूर खाली-वर पुन्हा येतात, एवढंच.

गिटार सुरात लावायलाही पेटीचा उपयोग होतो. वरच्या जाड तारेपासून खालच्या बारीक तारेपर्यंत सूर असे आहेत: पांढरी तीन, पांढरी सहा, पांढरी दोन, पांढरी पाच, पांढरी सात आणि पुन्हा पांढरी तीन. इंग्रजी नावांनी ई, ए, डी, जी, बी, ई. मोजायचं मात्र उलटं. सगळ्यांत बारीक तार पहिली, सगळ्यांत जाड तार सहावी. फोनवरचं ट्यूनर हे काम झटपट करतं, तरी महिनाभर पेटीवर लावून पाहा. कान तयार होतो आणि बोट चुकलं की डोळ्यांआधी कानाला कळतं.

बोटांनाही आकडे आहेत. तर्जनी एक, मध्यमा दोन, अनामिका तीन, करंगळी चार. अंगठ्याला आकडा नाही, कारण तो गिटारच्या मानेच्या मागे असतो. पुस्तकातल्या किंवा व्हिडिओतल्या कॉर्डच्या चित्रात गोळ्यांमध्ये जे आकडे दिसतात ते या बोटांचे.

घर आणि पडदा

गिटारच्या मानेवरच्या धातूच्या आडव्या पट्ट्यांना इंग्रजीत फ्रेट म्हणतात. सतारीला आपण पडदे म्हणतो, तोच शब्द इथे घेऊ. दोन पडद्यांमधल्या जागेला घर म्हणू. बोट ठेवायचं घरात, पण घराच्या मधोमध नाही. पुढच्या पडद्याला जवळजवळ खेटून, त्याच्या लगेच मागे.

याचं कारण तारेच्या वाकण्यात आहे. सूर ठरवतो तो पडदा, बोट नव्हे. बोटाचं काम तारेला पडद्यावर टेकवून धरण्याचं. बोट पडद्याच्या लगत असेल तर तार थोडक्या दाबात घट्ट टेकते. बोट मागे राहिलं तर तीच तार पडद्यावर सैल टेकते, कंप पावताना पडद्यावर आपटते आणि खरखर सुरू होते. मग आपण जोर वाढवतो. जोर वाढला की तार ताणली जाते आणि सूर किंचित चढतो, म्हणजे खरखर गेली तरी कॉर्ड बेसूरच. आणि बोट पडद्याच्या थेट माथ्यावर आलं तर तार गुदमरते, ‘ठप्प’ वाजते.

हे वाचून पटणार नाही, करून पाहा. पहिल्या तारेवर तिसऱ्या घरात, पडद्यालगत, बोट नुसतं टेकवा. दाबू नका. उजव्या हाताने तार छेडा, ठप्प आवाज येईल. आता प्रत्येक छेडीबरोबर दाब जरा जरा वाढवा. एका क्षणी खरखर येईल आणि पुढच्याच क्षणी सूर स्वच्छ होईल. थांबा. एवढाच दाब लागतो. आता तेच बोट घराच्या मागच्या टोकाला नेऊन पुन्हा करा. स्वच्छ सुरासाठी लागणाऱ्या दाबातला फरक बोटालाच कळेल. हा प्रयोग रोज दोन मिनिटं केला तर पहिल्या आठवड्यातच हाताची निम्मी ओढाताण संपते.

नवशिक्याचं दुर्दैव असं की त्याच्या वाट्याला सगळ्यांत ऐसपैस घरं येतात. नेहमीच्या स्टीलच्या तारांच्या गिटारवर तारेची मोकळी लांबी साधारण ६४८ मिलिमीटर असते. तिथे पहिलं घर सुमारे ३६ मिलिमीटर रुंद भरतं, तर बारावं फक्त १९. प्रत्येक पडद्याला उरलेली लांबी एकाच प्रमाणात कमी होत जाते, म्हणून घरं आकसत जातात आणि बाराव्या पडद्याशी तार बरोबर निम्मी होऊन वरचा सा लागतो. सोप्या म्हणून शिकवल्या जाणाऱ्या कॉर्ड्स पहिल्या तीन घरांत असतात, म्हणजे जिथे बोटं सगळ्यांत जास्त फाकवावी लागतात तिथेच. त्यामुळे पहिल्याच आठवड्यात बोट पुरत नाही असं वाटलं तर हाताला कमी लेखू नका.

अंगठा, मनगट, कोपर

हात कसा धरायचा याचे चार नियम आहेत.

अंगठा मानेच्या मागे, साधारण मध्यमेच्या समोर. तो आधार आहे, पकड नव्हे. खात्री करायची असेल तर कॉर्ड धरून अंगठा अलगद सोडा. थोडे तरी सूर वाजले पाहिजेत, कारण हाताचं वजनच काही दाब देतं. अंगठा सुटताच सगळं कोसळत असेल तर तुम्ही चिमट्यासारखं दाबताय.

मनगट फार वाकवायचं नाही. ते आत किंवा बाहेर जास्त वाकलेलं असेल तर बोटांकडे जाणारे स्नायुबंध अरुंद वाटेतून घासत जातात.

बोटं कमानीसारखी. शेवटचं पेर तारेवर जवळजवळ उभं उतरलं पाहिजे, म्हणजे शेजारच्या तारेला त्याचा स्पर्श होत नाही. यासाठी डाव्या हाताची नखं कापलेली हवीत. नखं वाढलेल्या हाताला उभं बोट जमत नाही.

कोपर मोकळं, खाली लोंबतं. खांदा वर चढला की समजावं, आपण चुकीच्या ठिकाणी ताकद लावतोय.

अनामिकेची गोष्ट

बोटांत बोटं हलवणारे मोठे स्नायू नसतात. ते असतात कोपराच्या खाली, पुढच्या हातात. तिथून लांब दोऱ्यांसारखे स्नायुबंध मनगटातून बोटांपर्यंत येतात. कळसूत्री बाहुलीचा खेळ जसा पडद्यामागून चालतो तसंच. म्हणून जास्त दाबलं की बोटांआधी पुढचा हात भरून येतो.

दोऱ्यांमध्ये एक गुंताही आहे. तळहात टेबलावर पालथा ठेवा, मधलं बोट आत दुमडा आणि उरलेली बोटं एकेक करून उचला. अंगठा उठेल, तर्जनी उठेल, करंगळीही उठेल. अनामिका मात्र चिकटल्यासारखी पडून राहील. बोटं सरळ करणारे स्नायुबंध हाताच्या पाठीवर एकमेकांना आडव्या धाग्यांनी जोडलेले असतात, आणि मध्यमा दुमडली की अनामिकेचा बंध जागीच अडतो. गिटारवर मध्यमा आणि अनामिकेला वेगवेगळ्या तारांवर एकाच वेळी जायचं असतं. ते पहिल्या दिवशी जमत नाही, यात आळस नाही, हाताची घडणच तशी आहे. सरावाने ते सुधारतं.

सरावाने हातच नाही, मेंदूही बदलतो. जर्मनीतले संशोधक थॉमस एल्बर्ट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९५ साली ‘सायन्स’ या नियतकालिकात एक अभ्यास प्रसिद्ध केला. सहा व्हायोलिनवादक, दोन चेलोवादक आणि एक गिटारवादक अशा नऊ जणांची त्यांनी वाद्य न वाजवणाऱ्यांशी तुलना केली. वादकांच्या मेंदूत डाव्या हाताच्या बोटांच्या स्पर्शासाठीचा भाग मोठा आढळला. लहानपणी सुरुवात केलेल्यांत हा फरक अधिक होता. अंगठ्याच्या बाबतीत तो कमी होता, करंगळीच्या बाबतीत जास्त. अंगठा मागे आधार देत बसतो, करंगळी तारांवर खपते. जे बोट राबतं त्याला मेंदू जागा देतो.

सहा कॉर्ड्स

शिकवणारे बहुधा ‘सी’पासून सुरुवात करतात, कारण पेटीवर ती सोयीची वाटते. बोटांच्या दृष्टीने ते चूक आहे. सोप्या बोटांपासून अवघडाकडे जावं.

पहिली ई मायनर. मध्यमा पाचव्या तारेवर दुसऱ्या घरात, अनामिका चौथ्या तारेवर दुसऱ्या घरात. संपलं. सहाही तारा छेडायच्या. ही कॉर्ड जवळजवळ फसत नाही, म्हणून पहिल्या दिवशी हीच.

दुसरी ए मायनर. तर्जनी दुसऱ्या तारेवर पहिल्या घरात, मध्यमा चौथ्या तारेवर दुसऱ्या घरात, अनामिका तिसऱ्या तारेवर दुसऱ्या घरात. सहावी तार सोडून पाचवीपासून खाली छेडायचं. आता तिन्ही बोटं त्याच आकारात एकेक तार वर, जाड तारेच्या बाजूला, सरकवा: ई मेजर तयार. एक आकार शिकलात, दोन कॉर्ड्स मिळाल्या.

चौथी सी. तर्जनी दुसऱ्या तारेवर पहिल्या घरात, मध्यमा चौथ्या तारेवर दुसऱ्या घरात, अनामिका पाचव्या तारेवर तिसऱ्या घरात. पाचवीपासून छेडायचं. इथे थांबून ए मायनरशी ताडून पाहा. तर्जनी आणि मध्यमा तिथल्या तिथेच आहेत, फक्त अनामिका हलली. असं का? पांढरी एक सा धरला तर सी म्हणजे सा ग प आणि ए मायनर म्हणजे ध सा ग. सा आणि ग दोन्हींत आहेत. तर्जनीखाली सा आहे, मध्यमेखाली ग आहे, म्हणून त्या दोघींना उठायचं कारणच नाही. अनामिकेने तिसऱ्या तारेवरचा ध सोडला की मोकळी तार प वाजवते, आणि पाचव्या तारेवर तीच अनामिका आता सा धरते. सूर सामायिक असतील तर बोटंही बहुधा सामायिक राहतात. कॉर्ड बदलताना आधी कोणतं बोट जागेवर ठेवता येईल हे शोधायचं, मग कोणतं हलवायचं ते. बहुतेक नवशिके सगळी बोटं उचलतात आणि प्रत्येक वेळी घर नव्याने बांधतात.

पाचवी जी. मध्यमा सहाव्या तारेवर तिसऱ्या घरात, तर्जनी पाचव्या तारेवर दुसऱ्या घरात, अनामिका पहिल्या तारेवर तिसऱ्या घरात. अनामिकेला पोचायला त्रास होत असेल तर मध्यमा पाचव्या तारेवर, अनामिका सहाव्या तारेवर आणि पहिल्या तारेवर करंगळी अशी बोटं घ्या. सी-कडे जाताना ही दुसरी पद्धत सोपी पडते.

सहावी डी. तर्जनी तिसऱ्या तारेवर दुसऱ्या घरात, अनामिका दुसऱ्या तारेवर तिसऱ्या घरात, मध्यमा पहिल्या तारेवर दुसऱ्या घरात. चौथीपासून खालच्या चारच तारा. इथे बोटं दाटीवाटीने बसतात, म्हणून शेवटची पेरं उभी नसतील तर पहिली तार हमखास मुकी होते.

एफ या कॉर्डवर बरेच जण गिटार कायमची भिंतीला टेकवतात. तर्जनी आडवी पाडून एकाच वेळी सहा तारा दाबायच्या असतात. पहिले दोन-तीन महिने तिच्या वाटेला जाऊ नका. गरजच पडली तर छोटी एफ धरा: तर्जनीने पहिली आणि दुसरी तार पहिल्या घरात, मध्यमेने तिसरी तार दुसऱ्या घरात, अनामिकेने चौथी तार तिसऱ्या घरात. पुढे मोठी एफ धरताना तर्जनी सपाट न टाकता किंचित अंगठ्याच्या बाजूच्या कडेवर कलती करा. ती बाजू हाडाची, टणक असते.

गाणारा काळी एकमध्ये गातो, मग काय? मानेवर पहिल्या पडद्यालगत कापो लावायचा. कापो म्हणजे सगळ्या तारा एकदम दाबणारा चिमटा. त्याच सी-च्या आकाराला आता काळी एकचा सूर मिळतो. काळी दोन हवी असेल तर तिसऱ्या पडद्याला. बोटांना नवं काही शिकावं लागत नाही.

घट्टे आणि दुखणं

बोटांच्या टोकांना दुखणार. नेहमीच्या स्टीलच्या सहा तारांचा मिळून ताण ७० किलोच्या आसपास असतो आणि बारीक तारेची जाडी पंचवीस ते तीस शतांश मिलिमीटर. ती कातड्यात रुतते. रोज थोडा वेळ वाजवलं तर तीन-चार आठवड्यांत टोकांना घट्टे पडतात आणि दुखणं थांबतं. नांगर धरणाऱ्या, जाळं ओढणाऱ्या हातांना हे सांगायची गरज नाही. रविवारी सलग तीन तास वाजवून आठवडाभर सुट्टी घेतली तर फोड येतात, घट्टे पडत नाहीत. अंघोळीनंतर लगेच वाजवू नका, मऊ पडलेलं कातडं सोलतं. लहान मुलांना नायलॉन तारांची गिटार द्या, तिचा ताण कमी असतो.

टोकांचं दुखणं चालेल. मनगट दुखणं, पुढचा हात ठणकणं, बोटांना मुंग्या येणं हे चालवून घ्यायचं नाही. तसं झालं तर वाजवणं थांबवा, दाब आणि मनगटाची ठेवण तपासा. तरी राहिलं तर डॉक्टरांना दाखवा.

‘माझी बोटंच चांगली नाहीत’ असं म्हणणाऱ्यांसाठी दोन माणसं सांगतो. जँगो राइनहार्ट हा फ्रान्समधला जॅझ गिटारवादक. १९२८ साली त्याच्या राहत्या गाडीला आग लागली आणि डाव्या हाताची अनामिका आणि करंगळी कायमची जवळजवळ निकामी झाली. पुढे सुरावटी त्याने मुख्यतः दोन बोटांनी वाजवल्या आणि युरोपातल्या जॅझमध्ये आजही त्याचं नाव पहिल्या रांगेत घेतलं जातं. दुसरा टोनी आयोमी. १९६५ साली बर्मिंगहॅममधल्या पत्र्याच्या कारखान्यात, नोकरीच्या शेवटच्या दिवशी, सतरा वर्षांच्या या मुलाची दोन बोटांची टोकं यंत्रात गेली. तो डावखुरा, म्हणजे पडद्यांवर चालणारा हात त्याचा उजवा, आणि तोच जायबंदी. कारखान्यातल्या वरिष्ठाने त्याला जँगोची ध्वनिमुद्रिका ऐकवली. आयोमीने प्लास्टिकची बाटली वितळवून बोटांसाठी टोप्या घडवल्या, त्यांवर चामडं चिकटवलं आणि तारा बारीक घेतल्या. पुढे त्याने ‘ब्लॅक सॅबथ’ हा बँड उभा केला. त्या प्लास्टिकच्या टोकांना तार जाणवतच नव्हती, त्यामुळे बोट नेमकं कुठे पडतंय याचा हिशेब त्याला नव्याने शिकावा लागला.

पावसाळा आणि वाद्य

कधी कधी दोष खरंच वाद्यात असतो. स्वस्त गिटारवर तारा पडद्यांपासून फार उंच असतात, मग कोणत्याही बोटाला त्या दाबवत नाहीत. घरच्या घरी तपासायचं तर तार तिसऱ्या घरात दाबून धरा आणि पहिल्या पडद्यावर डोकावा. तार आणि पडदा यांत कागद जेमतेम सरकेल एवढी फट हवी. फट मोठी असेल तर मानेच्या टोकाला ज्या पट्टीतून तारा जातात तिच्या खाचा उथळ आहेत. वाद्य दुरुस्त करणाऱ्याकडून त्या खोल करून घ्या. नवी गिटार घेण्याआधी हे करून पाहावं.

आपल्याकडे पावसाचा प्रश्न वेगळा. जून ते सप्टेंबर अंबा नदीला पूर आला की पाणी बाजारपेठेत आणि एसटी स्टँडपर्यंत येतं, आणि पूर नसला तरी हवेत ओल असतेच. लाकूड ओल शोषून फुगतं, मान किंचित वाकते, तारा गंजतात. गंजलेली तार बोटाला खरवडते आणि सुरात थांबत नाही. वाजवून झालं की तारा कोरड्या फडक्याने पुसा. गिटार बाहेरच्या भिंतीला टेकवून ठेवू नका, पिशवीत किंवा पेटीत ठेवा आणि आत सिलिका जेलच्या चार पुड्या टाका. पावसाळा संपला की तारा बदला.

पंधरा मिनिटं

शिक्षक जवळ असेल तर उत्तम. नसेल तर व्हिडिओ पाहून शिकता येतं, पण व्हिडिओला तुमचं बोट दिसत नाही. म्हणून आठवड्यातून एकदा फोन समोर ठेवून स्वतःच्या डाव्या हाताचं चित्रण करा आणि बोटं पडद्यापासून किती मागे पडतात ते पाहा. हिंदी चित्रपटातल्या हिरोची बोटं पाहून मात्र शिकू नका. गाण्यात चार कॉर्ड्स बदलल्या तरी त्याचा हात बऱ्याचदा एकाच जागी असतो.

रोजच्या पंधरा मिनिटांची वाटणी अशी करता येईल. पहिली दोन मिनिटं दाबाचा तो प्रयोग. पुढची पाच मिनिटं एक कॉर्ड धरायची, एकेक तार वेगळी छेडून तपासायची, मग सगळी बोटं तारांपासून बोटभर वर उचलायची आणि पुन्हा एकदम खाली टाकायची. एकेक करून नाही, एकदम. पुढची तीन मिनिटं दोन कॉर्ड्समध्ये ये-जा. ए मायनर ते सी ही जोडी पहिली, मग ई मायनर ते जी, मग जी ते डी. एका मिनिटात किती वेळा स्वच्छ बदल झाला ते वहीत लिहा. तो आकडा तीसच्या पुढे गेला की ती जोडी गाण्याला लागेल. उरलेली पाच मिनिटं गाणंच वाजवा. कोळीगीताचा झुलता ठेका धरून दोन-तीन कॉर्ड्समध्ये बरंच काही बसतं, आणि घरातलं कुणीतरी गुणगुणायला लागलं की सराव कंटाळवाणा राहत नाही. उजव्या हाताला डाव्यासाठी थांबू देऊ नका. कॉर्ड चुकली तरी ठेका चालू राहिला पाहिजे. ऐकणारा चुकलेला सूर माफ करतो, तुटलेला ताल करत नाही.

येत्या गणपतीत बेंजोवाला समोरून गेला की त्याच्या टिकल्यांकडे पाहा, प्रत्येक टिकली तारेवर नेमक्या जागी उतरते. घरी येऊन गिटार घ्या, ई मायनर धरा आणि दाबण्याआधी बोटं कुठे आहेत ते पाहा. पडद्याच्या लगेच मागे असतील तर कॉर्ड वाजेल. मागे राहिली असतील तर जोर वाढवू नका, बोट पुढे सरकवा.